जनकाबाईंच्या तुरीला जबाबदार कोण

मी, हरिचंद किशनराव खंदारे, वय ४६, कृषी पदवीधर, राहणार सेनगाव. पुढच्या आठवड्यात नांदेडला हृदयाची शस्त्रक्रिया आहे, म्हणून हे लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे, कुणाचा दबाव नाही. राग आहे, पण तो लिहिण्याच्या आड येत नाही, हे दोनदा तपासले आहे.

१. राहते घर पत्नी सेवा हिचे. तिथून तिला कुणी हलवू नये, माझ्या भावानेही.

२. भिंग आणि किडींवरची पुस्तके मुलगी आकांक्षा हिला. रोप मुळासकट आणल्याशिवाय मी औषध देत नसे. गिऱ्हाइके चिडायची. चिडोत.

३. खत-औषधांच्या दुकानातला माझा अर्धा हिस्सा भागीदार भाऊ धम्मदीप याला, पण अटीवर. यंदा त्याने दुकानात औषध कंपनीचा संगणक बसवला. तो प्रश्न विचारतो, औषध स्वतःच ठरवतो, चिठ्ठी छापतो. "दादा, ह्याला कृत्रिम बुद्धी हाय. तुमी झोपले तरी दुकान चालून राहील." हिंगोलीच्या बैठकीत सगळे दुकानदार खूश: गिऱ्हाईक वाढेल, नोकर कमी लागतील. चुकले तर कोण निस्तरणार, असे मी विचारले तेव्हा हसले. यंत्राचा उपयोग मी नाकारत नाही. मला कुणी विचारीनासे झाले, हेच टोचत असेल का? असेलही. तरी पुढचे खोटे ठरत नाही.

साखरा गावच्या जनकाबाईंना धम्मदीपने संगणकासाठी पीक विचारले. त्या म्हणाल्या, सोयाबीन. चिठ्ठीवर तणनाशक आले. सोयाबीन तरले, त्यात पेरलेल्या तुरीच्या ओळी जळाल्या.

धम्मदीप त्यांनाच म्हणाला, "मावशी, तूर हाय म्हणून काहून न्हाई सांगितलं?"

"सोयाबीनात तूर असतीच की, बाबा! तुझ्या डब्याला ठाव न्हाई, तुला तं ठाव व्हतं?"

कंपनीचा माणूसही म्हणाला, माहिती अपुरी दिली. म्हणजे दोष फक्त बाईचा! हे मी मरेपर्यंत मान्य करणार नाही, नंतरही नाही.

अट अशी: प्रत्येक छापील चिठ्ठीखाली धम्मदीपने स्वतःची सही करावी आणि चुकल्यास नुकसान भरून द्यावे. नकार दिल्यास हिस्सा सेवाचा.

४. माझ्या रानातली यंदाची सगळी तूर जनकाबाईंना. ही भरपाई आहे, मदत म्हणू नये.

सेनगाव, १२ सप्टेंबर २००७
(सही) हरिचंद किशनराव खंदारे

माझ्या सहीच्या वेळी हजर साक्षीदार:
(सही) उत्तमसिंग राठोड, निवृत्त शिक्षक
(सही) गुलाबचंद जैन, शेजारचे दुकानदार

टीप: गुलाबचंदांकडेही तोच संगणक आहे. सही करताना म्हणाले, "हरिचंदजी, ह्या कागदावर दहा सह्या करतो. माझ्या चिठ्ठ्यांवर मात्र मागू नका." मी हे लिहून त्यांना वाचून दाखवले. खोडा म्हणाले. खोडलेले नाही.