आत्याचा होकार

३ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तू लिहितेस, दादा, धीर धर. आता धीर उरला नाही, किळस तेवढी उरलीय. डायलिसिसच्या हॉलमध्ये आम्ही ओळीने खुर्च्यांत आडवे पडतो. नळ्यांतून रक्त यंत्रात जातं आणि धुऊन परत येतं. मी जन्मभर लाँड्री चालवली. धुतलेला कपडा तरतरीत दिसतो, मी मात्र पोतेऱ्यासारखा बाहेर येतो. शेजारचा खुर्चीतच ओकतो. माझ्या तोंडाला सदा गंजक्या खिळ्याची चव. पाणी मोजूनमापून प्यायचं, म्हणून घरी माझा पाण्याचा पेला आधी चिरंजीव उचलून बघतात. पोरगा गुणी आहे, म्हणून तर त्याचा जास्त राग येतो.

मला हे थांबवायचंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थांबवलंत तर बहुधा आठवडा-दोन आठवडे; दम लागू नये, दुखू नये हे आम्ही बघू, निर्णय तुमचा. चिरंजीव अडून बसलेत, आत्या हो म्हणाली तरच. तेव्हा हो म्हणून टाक.

लोभ असू दे, दया नको.
तुझा दादा

९ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. शिसारी आली मला तुझी. वहिनी गेल्यापासून पोरगा तुझं सगळं करतो, आणि तुला त्याचा पेला बघणं खुपतं? बापलेकांना एकमेकांशी बोलायचा धीर नाही, म्हणून माझ्या खांद्यावर बंदूक! उद्या तू सुटशील आणि खापर माझ्या डोक्यावर. मी सांभाळते त्या वसतिगृहातल्या पोरीसुद्धा याहून बऱ्या सबबी सांगतात.

माझं उत्तर नाही. सुट्टी मिळाली की येते आणि त्या हॉलमध्ये तुझ्याशेजारीच बसते.

रागातला का होईना, नमस्कार घे.
भिंगरी

२ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझ्याकडून परत आले. त्या हॉलचा वास नाकातून गेलेला नाही, पण तो जाईल. त्या दिवशी घरी आल्यावर तुझ्या पायात गोळे आले, तू किंचाळलास. मी पाय चोळत विचारलं, आता बरं वाटतंय ना? आणि तू हसून हो म्हणालास. जन्मात माझ्याशी धड न बोललेला माणूस तू, मला बरं वाटावं म्हणून खोटं बोललास. तेव्हा मला माझीच किळस आली. आम्ही तुला एवढं सभ्य करून ठेवलंय.

निघण्याआधी भाच्याला स्वयंपाकघरात गाठलं. तो म्हणाला, मी थांबवू दिलं तर मीच मारल्यासारखं होईल. मी म्हटलं, बाबांनी ठरवलंय, तू नाहीस. खूप रडला, मग मान डोलावली.

हो, दादा. थांबव.

तुझीच, भांडायला जिवंत,
भिंगरी

१० एप्रिल

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझा होकार वाचला आणि तुझीच चीड आली. एवढी भांडकुदळ बाई, आणि एका भेटीत गार? अजून दोन पत्रं तरी भांडायचीस! त्या रागात मी गुमान उठलो आणि परत त्या खुर्चीत जाऊन पडलो. शेजारचा ओकत होता. मी छताकडे बघत तुला शिव्या घालत होतो. तू नाही म्हणत होतीस तोवर मला भ्यायची गरजच नव्हती, हे तिथे कळलं.

ती शेवटची खेप. येताना चिरंजीवांना तसं सांगितलं. त्यांनी गाडी कडेला घेतली. मी ओरडलो, तेही माझ्यावर ओरडले, चांगलं कडकडून भांडलो आम्ही. तुझी वहिनी गेल्यापासून पहिल्यांदा.

हे पत्र घेऊन तेच तुझ्याकडे येताहेत. वसतिगृहाचं काय ते कुणावर तरी सोपव आणि त्यांच्याबरोबर नीघ. थांबवायचं ठरलंय, त्यात बदल नाही. पण मला फार भीती वाटते गं. ये.

तुझा दादा