निर्माल्याचं पिंप

३ फेब्रुवारी १९९६, मल्लेश्वरम
पोचले. मिरजेत सगळ्यांनी घाबरवलं होतं, बंगळूरला भाषा कळायची नाही, भातानं पोट फुगेल. काही नाही. हवा झकास, मागे अंगण, आणि चार वर्षांच्या नातीचं तोंड थेट माझ्यावर गेलेलं. सुनेनं, उल्कानं, स्टेशनबाहेरच आर्याच्या केसांत मोगऱ्याचा गजरा माळला. इथे पोरींची डोकी फुलांशिवाय नसतातच. फुलवालीनं मलाही पुढे केला. हे गेल्यापासून एकोणतीस वर्षं डोक्यात फूल नाही, हात मागे घेतला. नंदूनं कंपनीची डायरी दिली, आई, लिही म्हणाला. चौथी शिकलेलीनं काय लिहायचं? दिसेल ते.

५ फेब्रुवारी
मागच्या शेडमध्ये नंदूचं पिंप आहे. बाजारातला कचरा आणतो, उसाची चिपाडं, नारळाच्या शेंड्या, आणि त्यात विरघळवतो. लगदा वेगळा, डिंकासारखं काहीतरी वेगळं. होसकोट्याच्या एका कारखान्याला दाखवायचंय. पिंपातलं रसायन रॉकेलसारखं विषारी नाही, वास नाही, उडून जात नाही, म्हणून हिरवं द्रावक म्हणे. दिसतं पाण्यासारखं. झाडपाल्याशिवाय कशालाही शिवत नाही, हे त्यानं दोनदा सांगितलं. मी एकदाच विचारलं होतं.

९ फेब्रुवारी
देवाची उतरलेली फुलं पाय पडणार नाही अशा पाण्यात सोडायची. मिरजेला कृष्णा होती. उल्का म्हणाली, डस्टबिनमध्ये टाका. टाकते मी! रोज पिंपात सोडते. शेवंती बघता बघता नाहीशी होते. नदीलाही एवढी घाई नव्हती.

१४ फेब्रुवारी
देवघरातला पाट ओला. पुसला, पुन्हा ओला. खालून भिजल्या साबुदाण्यासारखा मऊ पडलाय. शेडपासून देवापर्यंत ओली रेघ, उंबरा चढून आलेली. पाणी चढ चढत नाही, एवढं चौथीपर्यंत कळलं होतं. नंदू म्हणाला, पिंप गळत असेल. मग मी निर्माल्याचं सांगितलं. तो रागावला नाही. कुठली फुलं, किती दिवस, विचारून वहीत लिहून घेतलं. रागावला असता तर बरं वाटलं असतं.

१७ फेब्रुवारी
पिंपात पाल पडली. पोहून वर आली, भिंतीवर चढून गेली. दुपारी खार पडली. शेपटीचे केस तेवढे तरंगत होते. पाल किडे खाते, खार फळं. नंदूला विचारलं, आपण काय खातो रे? इथल्या लोकांसारखं म्हणाला, आई, स्वल्प अ‍ॅडजस्ट कर. जन्म वरणभातावर गेला माझा. हे कळायला शाळा लागत नाही.

१९ फेब्रुवारी, दुपार
आज देवाला फुलं घातली नाहीत. रेघ देवघरात गेली नाही. आर्या झोपली होती, तिच्या खाटेकडे गेली. तिच्या केसांत गजरा. मी तो काढून खिडकीत ठेवला — रेघ वळली. खिडकीकडे. उल्काला फोन केला. म्हणाली, आई, दिवसभर एकट्या असता, मनात येतं काहीबाही.

२० फेब्रुवारी, दुपारी बारा
नंदू होसकोट्याला. उल्का ऑफिसात. शेजारच्या राजलक्ष्मीनं पोरीला पुन्हा गजरा माळला, प्रेमानं. आता रेघ नाही, ओढाच म्हणायचा — खाटेचा पाय गेला. गजरा ओढून काढला, आर्याला कुंपणावरून राजलक्ष्मीच्या हातात दिली. सरी अज्जी, म्हणजे बरं आजी, म्हणाली आणि हसली ती.

गजरा रस्त्यावर फेकणार होते. शाळा सुटलीय. सगळ्या पोरींच्या केसांत —

माझ्याच डोक्यात घातला. सासूबाई असत्या तर — असो. निदान इथेच थांबेल ते. दार लावून पाटावर बसलेय.

साडेबारा
पाट नाही. लुगडं सुती. पाय गार, दुखत नाहीत — बोटं दिसत नाहीत.

डायरीही झाडच की. पान मऊ पडतंय, अक्षर पस

नंदू, वहीत लिही. मोगरा. आणि आर्याच्या केसांत कधी