पिल्लू आलं का?

प्रिय पिल्लू,

पार्सलमधला शर्ट आधी घालून बघ, मग पत्र वाच. खांद्याला अर्धा इंच सैल ठेवलाय. आई म्हणते, शिंप्याने पोटच्या पोराचं माप अंदाजाने घेतलं. गिऱ्हाईक असतं तर शर्ट तोंडावर फेकला असता. पुढचा भाग मला दोनदा कापावा लागला. का, ते शेवटी सांगतो.

त्या रविवारी माझं बोलणं ऐकून पिल्लू अर्ध्या ताटावरून उठलं, त्यानंतर फोन नाही. दोन वर्षांपूर्वी तू आम्हाला समोर बसवून सांगितलंस, मी मुलगा नाही, मुलगी आहे. आणि त्या रविवारी जेवताना मी विचारून बसलो, की उद्या मी म्हटलं मी गोरा आहे, तर कोण मानेल? मला वाटलं, मुद्दा बिनतोड आहे. या घरात तो माझ्याइतका कुणाला कळणार? कुणी इस्पितळात टाकून गेलेल्या मला तुझ्या आजीने पाळण्यातून उचलून घरी आणलं. ती नर्स, गोरीपान. मी काळा कुळकुळीत. भाषा, हट्ट, शिव्यासुद्धा माझ्या तिच्याच घरच्या, तरी लोक अजून मला मूळ गाव विचारतात.

तुझं म्हणणं होतं, वंश पूर्वजांकडून येतो, त्यात सगळ्या कुळाने सोसलेलं असतं. मुलगी असणं कुणी वारशात देत नाही, ते ज्याचं त्याला आतून कळतं. दोन्ही एका तागडीत घालू नकोस. खरं सांगू? यातलं अर्धं मला पटलंय, अर्ध्यावर मी अजून भांडणार आहे. दोन्हीकडे लोकांची नजर आड येतेच की.

पण परवा मशीनवर बसलो असताना आठवलं. शाळेत नाव घालताना कारकुनाने माझ्याकडे बघून आजीला विचारलं, हा कुणाचा? ती म्हणाली, माझा, आणि पेन मागितलं. वंश म्हणजे काय याचा निकाल लावून मग तिने मला मुलगा म्हटलं नव्हतं. आणि मी तुला वाद जिंकेपर्यंत दारात उभं केलं.

आता शर्टाचं. तीस वर्षांच्या सवयीने हाताने पुरुषांच्या शर्टासारखी डावीकडे बटणांची काजं केली. काज कापलं की उसवून भागत नाही, म्हणून नवा भाग कापून बायकांच्या शर्टासारखी उजवीकडे केली. आणि बघ, इतकं लिहिलं, पण तू आलास की आलीस, हे एकदाही येऊ दिलं नाही. पिल्लू आलं, पिल्लू उठलं. दोन वर्षं या लाडक्या शब्दाआड लपलोय. मला तुला गमवायचं नाही. वाद घालायलाच ये, पण ये. पोरी, कधी येतेस?

तुझाच,
बाबा