पाळी नसताना बाहेर बसणं

आई, गेल्या आठवड्यात गोंदियाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि तुझी आठवण झाली. त्या म्हणाल्या, "घबराओ मत, बंद होने से पहले कुछ साल ऐसा ही चलता है." कधी दोन-तीन महिने काहीच नाही, कधी पंधरवड्यात दोनदा. मधेच अंगातून वाफा निघतात, झोप उडते, सांधे धरतात. फार अंगावरून गेलं तर मात्र थांबायचं नाही, लगेच यायचं. मी मान हलवली. भीती वाटली नाही, हायसंही वाटलं नाही. हल्ली मला फारसं काही वाटतच नाही.

तुला हे कोणी समजावलं असेल? माझ्या पहिल्या बाळंतपणानंतरच्या रोवणीला मी माहेरी, केशोरीला आले होते. बांधीत बाया धान रोवतायत, वहिनी चुलीपुढे, आणि तू मागच्या सपरीत बोऱ्यावर एकटी, बाहेर बसलेली. ताट दुरून सरकवलेलं. आभाळ भरलेलं, तरी तुझा पदर घामानं ओला. तुझी पाळी कधीच गेलेली, हे मला ठाऊक होतं. "काऊन वं आई, खोटी बसलीस?" मी विचारलं. तू डोळे वटारलेस. "चूप राय. बंद झालं म्हटलं का बाराही महिने बांधीत उतरा अन् चुलीपाशी बसा. चार दिवस तं पाठ टेकू दे मले." मला हसू आलं. तू भिंतीकडे तोंड करून पडलीस. तू जाऊनही आता किती वर्षं झाली.

काल कामठ्याला आमची रोवणी सुरू झाली. सून म्हणाली, "आई, तुमचं बंद झालं असंल तं बायांचा सयपाक तुमीच पाहा ना." तीन महिने मला काही आलेलं नाही. तरी तोंडातून निघालं, "बंद कायचं? आजच बसली मी." आणि पडवीत जाऊन आडवी झाले. तेवढ्यात नात धावत आली. तीन वर्षांची आहे. "आजी, घे न मले." मी ओरडले, "शिवू नोको!" ती जागीच थांबली, पसरलेले हात मागे घेतले. सुनेनं तिला उचलून आत नेलं. मला झोप लागली, चांगली लागली.

हे पाठवायचं कुठे, आणि पत्ता असता तरी पाठवलं नसतं. पाळीचं खोटं तू समजून घेतलं असतंस. पण त्या पोरीला उचलून घ्यावंसंच मला वाटलं नव्हतं, आई. हे मी डॉक्टरीणबाईंनाही सांगितलेलं नाही.