एका हाकेला दोघी

प्रिय भिंगरी,

पार्सल काल दुपारी पोचलं. आत मी विसरलेला चष्मा, माझे लोकरीचे मोजे (टाचेला रफू केलेले), मधाची बाटली एक, आणि तुझं पत्र. तिकिटं कमी लावलीस म्हणून पोस्टमनने अठ्ठावीस रुपये घेतले. ते वहीत मधाच्या नावावर घातले, कारण चष्मा नि मोजे माझेच होते आणि पत्राला खर्च कसा लावायचा. बाटली अजून उघडलेली नाही. तुझे बाबा कालपासून तिच्याकडे बघतात आणि म्हणतात, "पोरगी आणायला गेलीस, आला मध."

पत्र मात्र चार वेळा वाचलं. तू लिहितेस की मी परतल्यापासून, म्हणजे गेले तीन आठवडे, धर्मशाळेच्या बाई गप्प असतात, तुला कामाला हात लावू देत नाहीत, आणि परवा म्हणाल्या, आता आपल्या घरी जा. "माझं काय चुकलं गं, तुझ्यापाशी काही बोलल्या होत्या का?" असं विचारतेस. उत्तर देणार आहे. पण आधी मला थोडं माझं बोलू दे, नंतर बोलायला तोंड राहणार नाही.

आठ दिवस पायी यात्रा करून येते म्हणून गेलीस. पाय मुरगळला म्हणून त्या गावात चार दिवस थांबलीस. त्या चार दिवसांचे चौदा महिने झाले. कचेरीतली नोकरी सोडल्याचं आम्हाला पोस्टकार्डावर कळलं. आणि दर पत्रात काय, तर बाई अशा नि बाई तशा. बाईंनी मला कणीक मळायला शिकवली. अगं, मग सव्वीस वर्षं मी काय चिखल मळत होते? इथे देवापुढे दिवा लावायला तुला तीन हाका माराव्या लागायच्या, तिसरीला तू उशी डोक्यावर घ्यायचीस. तिथे म्हणे पहाटे देवळाच्या घंटेचा दोर तुझ्याच हातात. देवाच्या कामात मन घातलंस, मला आनंद व्हायला हवा होता. झाला असं देवाला सांगितलंही. त्याला ते खरं वाटलं असेल असं नाही.

म्हणून न कळवता आले. बस खाली ओढ्यापाशी सोडते, पुढे त्या जुन्या वाटेने दीड तास चढण. आठशे वर्षं यात्रेकरू चालून चालून दगड मधोमध खोलगट झालेत, पाऊल आपोआप त्यातच पडतं. चढताना मनात आलं, एवढी माणसं या गावात आली, रात्रीपुरती टेकली आणि पुढे गेली. माझीच तेवढी मुक्कामाला राहिली. वेशीची कमान इतकी बुटकी की वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. मी भांडायला आले होते, तरी वाकले. गाव ते केवढं, एक गल्ली, बावीस घरं (मोजली), टोकाला देऊळ आणि त्याला चिकटून तुमची धर्मशाळा. दारातल्या दगडी बाकावर चालून आलेली माणसं ओळीने बसली होती आणि तू खाली बसून एकेकाचे पाय गरम पाण्याने धूत होतीस. मी गुपचूप शेवटी जाऊन बसले. घरी कुणाला पाण्याचा पेला न देणारी माझी लेक परक्यांच्या टाचांच्या भेगा चोळत होती. माझी पाळी आली. तू माझा वाकडा अंगठा धरलास आणि वर न बघताच म्हणालीस, "चपला घालून चढलीस ना, आई?"

तुला न्यायला आले आहे हे मी तेव्हा विसरले. सकाळपर्यंत विसरलेलीच होते.

सकाळी मी खोलीत पोथी वाचत होते, बाई मागच्या अंगणात होत्या. घंटेपाशी जाता जाता तू ओरडलीस, "आई, दूध बघ गं." मी म्हटलं, "आले." बाईसुद्धा म्हणाल्या, "आले." स्वयंपाकघराच्या दारात आम्ही एकमेकींवर आदळलो आणि दूध गेलं उतू. तू परत आलीस, आम्हा दोघींकडे पाहिलंस आणि फडकं घेऊन चूल पुसायला लागलीस. पत्रात 'बाई' आणि तोंडावर 'आई'. तिथले सगळेच त्यांना तसं म्हणतात हे मला नंतर कळलं. म्हणेनात का सगळे. सगळ्यांना मी जन्म दिलेला नाही.

त्याच दुपारी बाई आणि मी चादरींच्या घड्या घालत होतो. घडी घालताना दोघींना जवळ यावंच लागतं. चौथ्या चादरीला जवळ आल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "मला आता नोंदवहीतली नावं दिसत नाहीत. धर्मशाळा तुमच्या लेकीच्या हाती सोपवावी म्हणते. पण आई तुम्ही. तिला इथे राहायचंय का, तुम्हालाच ठाऊक." आणि मी, रोज पोथी वाचणारी, देवळाच्या भिंतीला टेकून खोटं बोलले. म्हटलं, तिला घरची फार ओढ लागलीय, प्रत्येक पत्रात लिहिते, तुम्हाला सांगायला संकोचते. त्यांनी माझ्या हातातली टोकं घेतली आणि उरलेल्या चादरींच्या घड्या एकट्याने घातल्या. म्हणून त्या तुला जा म्हणतात. तुझं काहीच चुकलेलं नाही. मला हवं तेच झालं, आणि काल मोज्याची टाच बघितल्यापासून मोजे पायात घालवत नाहीत. ते रफू मी तुला आठव्या वर्षी शिकवलं होतं, शेवटी उलटा टाका घालून. तू कधीच विसरलीस असं मी धरून चालले होते. हे पत्र त्यांना वाचून दाखव, सगळं, माझ्या खोट्यासकट. त्यांना दिसत नाही म्हणून काही गाळू नकोस. तुला राहायचं असेल तर राहा, आई हो म्हणाली असं सांग. बाटली आज संध्याकाळी उघडते. मात्र एवढं एक उलट टपाली कळव, तिकिटं कमी लावलीस तरी चालेल: त्या सकाळी दूध बघायला हाक कोणाला मारली होतीस?

तुझीच,
आई