अण्णांची दाढी आणि दोन मात्रा

तीर्थस्वरूप ताईच्या चरणी धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (तुझे गुडघे अजून कुरकुरत असतील तर मला उठवायला वाकू नकोस, माझा मी उठेन.) भावजींचा रक्तदाब खाली आणि त्यांचा आवाज वर, असं दोन्ही आपापल्या जागी असेल अशी आशा आहे. इकडे आम्ही सर्व कुशल आहोत. 'सर्व' या सर्वनामात कोण कोण येतं याचा खुलासा पुढे करतो, कारण पत्राचं कारणच ते आहे. फोनवर सांगितलं असतं, पण माझं वाक्य क्रियापदापर्यंत पोचायच्या आत तू उत्तर देतेस, आणि मराठीत क्रियापद शेवटी येतं ही काही माझी चूक नाही.

तर मागे एका रविवारी फोनवर आपण एकमेकांची तोंडं बघत होतो, तेव्हा तू म्हणालीस, "अरे पंडिता, काच पूस जरा, अण्णांच्या हनुवटीवर काहीतरी पांढरं आलंय." मी सदऱ्याच्या टोकाने काच पुसली. तू म्हणालीस, अजून आहेच. मी पुन्हा पुसली. ताई, काच पहिल्यापासून स्वच्छ होती. ते पांढरं अण्णांचं स्वतःचं होतं. आपल्या वडिलांनी दाढी राखली होती. ('राखली' हे क्रियापद त्यांना मान्य नाही. ते म्हणतात, "मी काही केलेलं नाही, ती आली.")

मूळ कारण त्यांचा साबण. तुला आठवत असेल, लाकडी वाटीतली ती गोल वडी, वर कंपनीचं नाव खोल कोरलेलं. रोज सकाळी अण्णा आधी ते नाव वाचायचे आणि मग त्यावर ओला ब्रश फिरवायचे. अक्षरं झिजत झिजत शेवटचं दिसेनासं झालं की नवी वडी. छापखान्यात जन्मभर मुद्रितं तपासलेला माणूस. सकाळी उठल्यावर चार शुद्ध अक्षरं नजरेखालून गेल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नाही. तर त्या कंपनीने साबण करायचं बंद केलं. दुकानदार म्हणाला, हल्ली कोणी मागत नाही. अण्णा म्हणाले, "मी मागतोय तो कोण?" आणि घरी येऊन वस्तरा धुऊन, पुसून, डबीत ठेवून दिला.

मी गप्प बसलो नाही. बाजारातला दुसरा साबण आणला. त्यांनी तो हुंगून परत दिला. डब्यातून फुस्स करून येतो तो फेस आणला. अण्णांनी तळहातावर घेतला, वाट पाहिली, तो बसला. म्हणाले, "हा फेस नव्हे, अफवा आहे." न्हाव्याला घरी बोलावतो म्हटलं तर माझीच बिनपाण्याने झाली. इथवर गमतीचं होतं. पण मग त्यांनी वाचनालयात जाणं सोडलं. तिथे रोज जाऊन सगळी वर्तमानपत्रं लाल पेन्सिलीने तपासायची हा त्यांचा निवृत्तीनंतरचा धंदा. (कोणी सांगितलेला नाही, कोणी थांबवूही शकलेलं नाही.) "अशा तोंडाने चारचौघांत जायचं नाही," म्हणाले. दिवसभर खिडकीपाशी बसायचे. जेवण कमी झालं, मला चुका दाखवणंही कमी झालं. एकदा मी त्यांच्यासमोर मुद्दाम 'उज्वल' लिहिलं, एक ज गाळून. त्यांनी बघितलं आणि मान फिरवली. ताई, गाळलेला ज शेवटी मीच घातला. त्यात ग्रंथपालबाई रस्त्यात भेटल्या. पेपर खराब करतात म्हणून अण्णांची तक्रार करणाऱ्या त्याच बाई. म्हणाल्या, "पाठवा हो त्यांना. पेपर नुसतेच पडलेत, चुका जशाच्या तशा."

म्हणून मी ठरवलं, साबण घरी करायचा. तू हसते आहेस, मला इथे ऐकू येतंय.

आमच्या वरच्या मजल्यावर रसायन राहतात. (निवृत्त रसायनशास्त्राचे मास्तर. खरं नाव त्यांच्या दारावर आहे, पण ते कोणी वाचत नाही.) त्यांनी जिन्यातच कृती सांगितली: स्टिअरिक आम्ल आणि खोबरेल एकत्र वितळवायचं, त्यात क्षाराचं पाणी घालून शिजवायचं, ढवळायचं, शेवटी ग्लिसरीन. मी दुकानातून आम्ल आणलं. घरी येऊन पुडी उघडतो तो आत पांढऱ्या मेणाचे पापुद्रे. आता आम्ल म्हणजे आंबट, हे मी संस्कृतच्या पहिल्या वर्गाला शिकवतो. एक पापुद्रा जिभेवर ठेवला. आंबटपणाचा मागमूस नाही. मी तडक दुकान गाठलं आणि भर गिऱ्हाइकांत त्या माणसाला व्युत्पत्तीसकट सुनावलं की ही मेणबत्ती आहे. तो शांतपणे म्हणाला, "काका, मेणबत्तीतही घालतात हे. पण तुम्ही चाखलंत कशाला?" मागच्या रांगेतल्या बाई दोन पावलं मागे सरकल्या. मी आम्ल घेऊन घरी आलो.

पुढचा घोटाळा क्षाराचा, आणि त्याला मी आणि रसायन सारखेच जबाबदार आहोत. ते म्हणाले होते क्षार, म्हणजे त्यांच्या मनात दाहक पोटॅश. मी म्हटलं, मास्तर, दाहक तो आमच्या जुन्या वैद्यकातला क्षार. तुमच्या शाळेच्या पुस्तकात क्षार म्हणजे मीठ. ते म्हणाले, परंपरेचा अर्थ मोठा. मी म्हटलं, छे छे, व्यवहारात शास्त्राचा अर्थ धरावा. आम्ही दोघेही इतके सभ्य की वाद घालता घालता एकमेकांचं पटवून घेतलं. शेवटी माझ्या वैद्यकातला अर्थ घेऊन ते वर गेले आणि त्यांच्या पुस्तकातला, म्हणजे मिठाचा, अर्थ घेऊन मी खाली आलो. घरी येऊन मी त्या वितळलेल्या मेणात मिठाचं पाणी ओतलं.

साबण झाला नाही हे सांगायला नकोच. खारट मेणाचा एक गठ्ठा झाला आणि त्यात माझा ब्रश उभाच्या उभा रुतून बसला. तुझी भावजय बघून म्हणाली, "वात घाला त्यात, दिवे गेले की उपयोगी पडेल." आणि तिने तिचं पातेलं मागितलं. ते अजून मागते आहे.

दुसऱ्या खेपेला पोटॅश आणलं. बाटलीवर कवटीचं चित्र बघून तुझ्या भावजयीने मला स्वयंपाकघरातून कायमचं हद्दपार केलं आणि शेगडीसकट गॅलरीत बसवलं. रसायनांनी वरच्या गॅलरीतून बजावलं, पोटॅश पाण्यात टाका, पाणी पोटॅशवर नको, आणि डोळे झाका. म्हणून मी रेनकोट, रबरी हातमोजे आणि पोहण्याचा चष्मा अशा वेषात होतो. बाहेर लख्ख ऊन. कुरिअरवाल्याने मला पाहिलं, पार्सल उंबऱ्यावर ठेवलं आणि सही न घेता जिना उतरला. मिश्रण आधी पातळ, मग खिरीसारखं, मग उकडलेल्या बटाट्याच्या लगद्यासारखं झालं आणि पळी ढवळेना. या सगळ्या खटाटोपात फेस पहिल्यांदा आला तो माझ्या तोंडाला, तोही साबण न लावता.

तयार झाल्याबरोबर मी धीर न धरता तो स्वतःच्या गालावर वापरून पाहिला. दुसऱ्या दिवशी वर्गात शृंगाराचा श्लोक होता. माझे लालभडक गाल पाहून मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच म्हणालं, "सर लाजले." रसायन म्हणाले, अहो, मुरू द्या. मुरू दिला. मग तो गुणाने बरा निघाला.

वाटीत बसवून मी तो अण्णांपुढे ठेवला. त्यांनी अंगठ्याने दाबला, हुंगला, उजेडात धरला. मग म्हणाले, "ठीक आहे. पण हा वाचायचा कुठून?"

ताई, मी हात टेकले. वर अक्षरं नव्हती!

पण हरेन तर पंडित कसला. छापखाना बंद झाला तेव्हा अण्णांनी आठवण म्हणून आणलेली लाकडी अक्षरांची पेटी माळ्यावर होती. (जाहिरातींच्या कागदावर मोठे मथळे छापायची ती.) शब्द निवडायला मला वेळ लागला नाही. दाढीला आपल्याकडे एकच भारदस्त शब्द आहे, 'क्षौर'. साबण पुन्हा जरा मऊ केला, ठोकळे जुळवले, दाबले, आणि सकाळी वाटी त्यांच्या आरशापुढे ठेवली.

अण्णांनी चष्मा लावला. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

"हे कोणी जुळवलं?"

"मी."

"संस्कृतच शिकवतोस ना तू? की शिवण?"

मी वाकून पाहिलं. वडीवर ठसठशीत उमटलं होतं: 'क्षार'. क्षौराच्या डोक्यावरच्या दोन्ही मात्रा गायब. (जुना ठोकळा, झिजला असेल.) अण्णांनी लाल पेन्सिल मागितली. साबणावर पेन्सिल उठेना. नखाने खरवडून पाहिलं, जमेना. "हे असं राहू द्यायचं? घरात?" असं म्हणत ते उठून उभे राहिले. कितीतरी दिवसांनी त्यांचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत पोचला होता. तुझी भावजय लाटणं हातात घेऊन दारात आली. मी शक्य तितक्या भोळेपणाने म्हटलं, "घासल्याशिवाय कसं जाईल, अण्णा?"

त्यांनी ब्रश पाण्यात बुडवला आणि त्या चुकीवर असा काही फिरवला म्हणतेस! जन्मभराच्या सगळ्या खिळेजुळाऱ्यांवरचा राग त्यात होता. फेस आला, दाटला, ब्रशावर उभा राहिला. अण्णा त्याच्याकडे बघत राहिले. मग आम्हाला म्हणाले, "आता झालाच आहे तर वाया कशाला घालवायचा," आणि डबीतून वस्तरा काढला.

दुपारी ते वाचनालयात गेले. संध्याकाळी परतले तेव्हा पेन्सिलीला टोक उरलं नव्हतं, आणि जेवताना त्यांनी भात मागून घेतला. वैद्य ज्याला मात्रा लागू पडली म्हणतात ते मी नुसत्या मात्रा गाळून साधलं, असं म्हणण्याचा मोह मी टाळतो.

तेव्हा काळजी नसावी. आता निवांत ये, काच पुसून ठेवतो. भावजींना नमस्कार, आणि तुझ्या गुडघ्यांना माझा स्वतंत्र नमस्कार.

तुझा,
पंडित

ता. क. खरं काम राहिलंच. 'क्षार' घासून संपला. अण्णा रोज विचारतात, नवी वडी कधी? आणि त्या दिवसापासून वडीवर चूक नसेल तर त्यांचा हात चालत नाही, हे मी शुद्ध 'क्षौर' छापून पाहिलं. एकदा वाचलं, "बरोबर आहे," म्हणाले आणि वाटी बाजूला सारली. आता मला दर वडीला नवी चूक हवी, आणि माझ्या हाताला ते वळण नाही. तुला ती देणगी उपजत आहे. तू मला आजवर पाठवलेले सगळे आशीर्वाद ऱ्हस्व होते आणि सगळ्या परिस्थिती दीर्घ. तेव्हा कृपा करून एक लांबलचक पत्र लिही. चुकायचा प्रयत्न करू नकोस, त्याने सहजता जाते. नेहमीसारखं लिही, मी निवडून घेईन.

ता. क. २. तुझ्यापासून काय लपवायचं. ठोकळा झिजला वगैरे काही नव्हता. दोन्ही मात्रा मी गॅलरीत बसून पॉलिश पेपरने घासल्या. अण्णांना याचा पत्ता नाही. पत्र वाचून झाल्यावर फाडून टाक.

(पुढचा मजकूर लाल पेन्सिलीने:)

चि. ताईस अनेक आशीर्वाद. (शी दीर्घ.) पाकीट टेबलावर उघडं होतं. पत्र तपासलं. एकच चूक सापडली, ती 'पत्ता नाही' या दोन शब्दांत आहे. पेटीत नुसता काना वेगळा होता. तो लावला असता तरी 'क्षार'च झालं असतं, चांगला दोन मात्रांचा ठोकळा नासला नसता. साबणाने गाल थोडा चुरचुरतो. त्याला बोलू नकोस, मनापासून करतो आहे. तू पत्र मात्र लवकर लिही, आणि तो म्हणतो तसंच लिही. पेन्सिलीला टोक करून ठेवलं आहे.

अण्णा