आठ वर्षांच्या गॅरंटीची बॅग

४ जानेवारी, जळगाव
जुन्या बॅगेची चेन कधीचीच गेलेली. मेणबत्ती घासून घासून चालवत होते. आज सुनीलने उचलायला घेतली तर पट्टाच तुटून त्याच्या हातात आला. म्हणाला, "आई, ही आता भंगारात." बरोबर आहे, बॅग तरी किती सोसणार? दोन महिने थोरल्याकडे जळगावला, दोन महिने धाकट्याकडे धुळ्याला. दोन मुलांची दोन घरं, आणि मी एसटीत.

वैशाली लगेच बोलली, "आईंना चांगली मजबूत, चाकांची घेऊन देऊ. मोठी घेऊ." हीच वैशाली, दिवाळीपासून मी चष्म्याची काडी बसवून आण म्हणतेय तर हिला वेळ होत नाही. सुनेला एकदम एवढा उत्साह? कुठेतरी पाणी मुरतंय.

७ जाने.
बॅगेच्या दुकानात गेलो, तिघंही. पोरगेलासा सेल्समन. कडक प्लास्टिकची एक खाली टाकली आणि वर उभाच राहिला. "बघा आजी, काही झालं का?" म्हटलं, बाळा, मी बॅगेवर उभी राहत नाही, ती हातात धरते. हँडल बाहेर ओढ.

जन्मभर धरणगावला शिवणक्लास घेतला, मला कोण फसवणार? अस्तर उलटं करून टाके पाहिले. चकचकीत होती तिचे टाके लांब लांब, ओढले की उसवणार. शेवटी जाड कापडाची पसंत केली. पट्टे तळाखालून आरपार शिवलेले, चेनचे दात मोठे, चाकं स्क्रूची म्हणजे तुटली तर बदलता येतात. कडक बॅग एसटीच्या डिक्कीत आपटून तडकते, कापडाची दबते पण टिकते.

मधल्या मापाची पुरे होती. वै. मोठीच हवी म्हणून हटून बसली. "असू द्या हो आई, सगळं मावेल." सगळं, म्हणे. दोन महिन्यांचे कपडे तर अर्ध्यातच मावतात.

आठ वर्षांची गॅरंटी. सुनील खूश. "चला, आठ वर्षं काळजी मिटली!" कुणाची रे? म्हणजे अजून आठ वर्षं माझं हे असंच, इकडून तिकडे. ठरलेलं दिसतंय. मला कधी विचारलं?

९ जाने.
वै. गॅलरीत फोनवर. मी कपडे काढायला गेले तशी आवाज खाली. तेवढ्यात ऐकलं ते एवढंच, "हो गं, मोठीच घेतली." पलीकडे स्वाती, धुळ्याची सून. या दोघी वास्तुशांतीच्या जेवणावरून एकमेकींशी धड बोलत नव्हत्या. आता एवढं गूळपीठ? माझ्यावरूनच असणार. दुसरं काय आहे दोघींत सामाईक?

११ जाने.
सोनगीरहून शकूचा फोन, धाकट्या बहिणीचा. तिला बॅगेचं सांगितलं, मोठेपणानेच सांगितलं म्हणा. तर ती काय म्हणावी, "तू पाहुनी शे का घरनी शे व?" म्हटलं, घरचीच. "मंग बठ्ठं सामान कसाले उचलस?"

सगळं कुठे उचलते, म्हटलं. इथे चिनूच्या, म्हणजे नातीच्या कपाटात खालचा कप्पा माझा आहे. शाल, दोन चांगल्या साड्या, कात्री, सगळं तिथेच असतं. धुळ्याला जाताना मी ते नेत नाही. शकू नुसतं "हं" म्हणाली. तिला हे हं कुणी शिकवलं कोण जाणे. दूध उतू जातंय सांगून फोन ठेवला. दूध नव्हतंच.

१४ जाने.
संक्रांत. हळदीकुंकवाला बायका आल्या. नवी बॅग हॉलमध्येच उभी, आत ठेवायला जागा नाही म्हणे. समोरच्या काकूंनी विचारलं, "निघाल्या का आजी?" वै. हसली, "छे हो, जायला अजून अवकाश आहे. आईंची बॅग आपली कायम तयार असते." बायका हसल्या. मीही हसले. तीळगूळ मात्र परत डब्यात टाकला.

बायका गेल्यावर न्यायचं सामान बॅगेत भरलं आणि चेनच्या दोन्ही रनरच्या कड्या गुलाबी दोऱ्याने एकत्र बांधल्या. एकच कच्चा टाका. कुणी उघडली की तुटणार. मला काही करायचं नाही, नुसतं बघायचंय.

१९ जाने., धुळे
सकाळी रिक्षा दारात, सुनीलची घाई, आणि मला दिसलं की टाका तुटलेला. तिथे उघडून बघणार कशी? वै. पायाशी वाकलेली, "जपून जा आई." एसटीत पारोळा येईपर्यंत डोक्यात तेच. काय काढलं असेल? बांगड्या तर हातात आहेत. पासबुक? चादरी? एकेक आठवून मनातल्या मनात वैशालीला नको नको ते बोलले. शेजारची बाई विचारत होती, आजी बरं नाही का?

इथे येऊन खोलीत बॅग उघडली. काही काढलेलं नाही. भरलेलं आहे. कप्प्यातलं एकूणएक. शाल, साड्या, कात्री, माझी जुनी टेप, औषधांचा डबा. तळाशी टॉवेलमध्ये गुंडाळलेला ह्यांचा फोटो. हॉलच्या भिंतीवरचा. सकाळी त्या भिंतीकडे पाठ करून चहा प्यायले मी, मला दिसलंच नाही.

चोरी झाली असती तर बरं झालं असतं.

२० जाने.
वै. ला फोन. आवाज मधासारखा. "अहो, तिकडे तुम्हाला करमावं म्हणून दिलं बाबांना सोबत." मग हळूच, "आणि चिनूची दहावी आहे ना आई. पुस्तकं जमिनीवर पडतात हो."

पडतात, मीही पाहिलंय. पोरगी अंथरुणावर वह्या पसरून बसते. मला विचारलं असतं तर मीच कप्पा दिला असता, हसत दिला असता. पण विचारायचं होतं. माझ्या पाठीमागे माझी आवराआवर करायची नव्हती.

२२ जाने.
फोटो लावायला प्रमोदला खिळा मागितला. तो शोधायला उठलाही, पण स्वातीने थांबवलं. "आई, दिवाळीतच रंग दिलाय. तुमच्या बॅगेत किती छान सुरक्षित राहील ना?"

बॅगेत! जन्मभर धरणगाव सोडून हा माणूस कुणाच्या लग्नालासुद्धा मुक्कामाला राहिला नाही. भाड्याचं का होईना, एकच घर, एकच खाट. आणि आता मेल्यावर त्याला चाकं लावा! ते गेले आणि मुलं म्हणाली, एकटी कशाला राहतेस, तशी मी घराची किल्ली मालकाच्या हातावर ठेवली. शिवणयंत्र पुतणीला दिलं. तेव्हा कुणावर संशय घेतला नाही. घ्यायला हवा होता.

मोरीत नळ सोडून रडले. मग तोंड धुतलं आणि फोटो टीव्हीशेजारी उभा केला. बघू कोण हलवतं.

२४ जाने.
कुणी हलवला नाही. उलट प्रमोद ऑफिसातून आला, शर्टाच्या टोकाने काच पुसली आणि आत गेला. लेकराचं माझ्या मन चांगलंच आहे. पण मन चांगलं असून घरात चालतं कुणाचं?

जेवताना म्हणाला, "आई, बॅग गॅलरीत ठेवू का? येता-जाता पाय अडखळतो." म्हटलं, ठेव. पण मग आतलं कुठे ठेवू? त्याने हॉलभर नजर फिरवली, मग मी झोपते त्या खोलीत डोकावला, तिथे स्वातीचं कपाट, धाकट्या नातवाचं पाळण्याचं सामान, कूलर. खरंच शोधत होता बिचारा. "बघू आई." स्वाती पोळी वाढायची थांबली होती. ती काय बघत होती ते मला कळलं नाही.

२७ जाने.
देवळात जाते सांगून निघाले. देवळापर्यंत गेलेही. मग पुढे चालत राहिले ते कपाटांच्या दुकानापर्यंत. मलाही माहीत नव्हतं मी तिकडे जातेय.

लोखंडी घेतलं. एका दाराचं, उंच, आरसा नको म्हटलं. पत्रा ठोकून पाहिला, दार चार वेळा लावून पाहिलं, आवाज आवडला. पैसे माझे, पेन्शन नसली तरी क्लासचे साठवलेले आहेत, कुणाला विचारायचं कारण नाही. दुकानदार भला वाटला, पण भला वाटणाऱ्यावर हल्ली आधी नजर ठेवते. बिल फाडलं, पेन उघडं धरून म्हणाला, "आजी, पोचवायचं कुठे?"

धुळ्याचा पत्ता तोंडपाठ. जळगावचाही. दोन्हीपैकी एकही तोंडातून निघेना. तो वाट बघत उभा. म्हटलं, उद्या सांगते.

२९ जाने.
सुनीलला फोन. "अगं आई, कपाट? इथे पाय ठेवायला जागा नाही. प्रमोदकडे हॉल मोठा आहे ना?"
प्रमोदला जेवण झाल्यावर विचारलं. तो म्हणाला, "दादाला विचारलंस का?"
स्वाती मध्येच म्हणाली, "आई, एवढी मोठी बॅग घेऊन दिली ना वहिनींनी!" घेऊन दिली, हे हिला आधीपासून माहीत. त्या दिवशीचा गॅलरीतला फोन!

मला दोघांनी नको म्हटलं नाही. हे लिहून ठेवते, उगाच आळ नको. नको असं कुणीच म्हटलं नाही.

३१ जाने.
दुकानदाराचा फोन. "आजी, टेम्पो रिकामा आहे, पत्ता बोला." म्हटलं, मी येते.

पिशवीत शाल आणि त्या दोन चांगल्या साड्या घेतल्या. गेले. माझं कपाट दाराशीच उभं होतं, कुणाच्या तरी डायनिंग टेबलाला टेकून. वरच्या फळीवर जुना पेपर अंथरला, साड्या ठेवल्या, शाल घडी करून वर. दार लावलं. किल्ली फिरवली.

तो म्हणाला, "अहो आजी, हे काय? न्यायचं नाही का?"

म्हटलं, न्यायचंय. पण तोवर आतलं कुणी हलवायचं नाही.

किल्ली कमरेला खोचून घरी आले. पत्ता अजून दिलेला नाही.